बॅटलटेकमधली तंत्रज्ञान-श्रेणी: ताकदीचं माप की पुरवठ्याचं?

किल्लेदार

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यात बॅटलटेक खेळणारा छोटा गट आहे. आतापर्यंत सुट्या लढाया खेळायचो. आता ३०४९ ते ३०५२ या काळातली सलग मोहीम मांडतोय: भाडोत्री सैनिकांची एक तुकडी, सीमेवरचा एक ग्रह, आणि मग क्लॅनचं, म्हणजे बाहेरून आलेल्या, तंत्रज्ञानात पुढे असलेल्या लढवय्या टोळ्यांचं, आक्रमण. तयारी करताना एका मुद्द्यावर आमचं एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. शिकागोच्या फासा कंपनीनं १९८४ साली 'बॅटलड्रॉइड्स' या नावानं हा खेळ काढला. 'ड्रॉइड' या नावावर लुकासफिल्मनं हक्क सांगितल्यामुळे पुढच्या आवृत्तीत तो 'बॅटलटेक' झाला. षटकोनी घरांच्या नकाशावर वीस ते शंभर टनांची चालती रणयंत्रं, म्हणजे मेक, एकमेकांशी लढतात. ठरलेल्या वजनात इंजिन, चिलखत, हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे भाग) आणि शस्त्रं बसवायची. शस्त्रं डागली की उष्णता चढते. वजन, जागा आणि उष्णता यांचा हिशोब ज्याला जमला तो जिंकतो.

आता मुद्दा. २००७ च्या 'टेकमॅन्युअल'मध्ये प्रत्येक सामानापुढे अक्षरांची एक नोंद असते. उदाहरणार्थ इनर स्फिअरची (म्हणजे पृथ्वीभोवतीच्या घराण्यांच्या राज्यांची) गॉस रायफल, ही चुंबकानं गोळा फेकणारी तोफ: आधी 'ई', मग तिरकी रेघ, मग 'डी-एफ-डी'. पहिलं अक्षर म्हणजे तंत्रज्ञान-श्रेणी. ए सगळ्यात साधी, एफ सगळ्यात पुढची. पुढची तीन अक्षरं उपलब्धतेची, तीन कालखंडांसाठी: स्टार लीग या जुन्या एकत्रित सत्तेपर्यंत, ती मोडल्यावरच्या उत्तराधिकार युद्धांत, आणि क्लॅन आल्यानंतर. तिथे ए म्हणजे सर्रास मिळणारं, एफ म्हणजे जवळपास न मिळणारं आणि एक्स म्हणजे त्या काळात नाहीच.

आमच्या गटातला तोफखाना (तोही इथला सदस्य आहे) म्हणतो की ए ला १, बी ला २ असं करत एफ ला ६ गुण द्या, दोन्ही बाजूंच्या सामानाची बेरीज करा आणि बेरीज सारखी असेल तरच लढाई मांडा. मला हे पटत नाही. माझ्या मते ही अक्षरं वस्तू किती जोरात मारते ते सांगतच नाहीत. ती कोण बनवू शकतो आणि मोडली तर कोण दुरुस्त करू शकतो, एवढंच सांगतात.

एकच उदाहरण देतो. मेकच्या डोक्यावर जास्तीत जास्त ९ चिलखत आणि आत ३ सांगाडा, एकूण १२. एका फटक्यात १२ किंवा जास्त नुकसान करणारं शस्त्र डोक्यावर लागलं की मेक संपला. ऑटोकॅनन-२० या तोफेची श्रेणी 'सी' आणि नुकसान २०. ती डोकं उडवते. इनर स्फिअरची ईआर पीपीसी (लांब पल्ल्याची कणतोफ) श्रेणीनं 'ई', म्हणजे दोन पायऱ्या वर, पण नुकसान १०. तिचा फटका डोक्यावर बसला तरी मेक सहसा उभा राहतो. श्रेणी ताकद मोजत असती तर हे उलट दिसलं असतं.

तुमच्याकडे मोहिमांमध्ये ही अक्षरं कशी वापरता?

सोनचाफा

किल्लेदार यांच्याशी सहमत. एक्सएल, म्हणजे हलक्या बनावटीच्या, इंजिनाचंही तसंच आहे. वजन निम्मं होतं, श्रेणी 'ई'. पण इनर स्फिअरच्या एक्सएलचे तीन-तीन स्लॉट (सामान बसवायच्या जागा) दोन्ही बाजूंच्या धडात जातात, आणि इंजिनावर तीन घाव म्हणजे मेक बंद. म्हणजे एक बाजू उडाली की सगळं गेलं. साध्या इंजिनाचा मेक त्याच घावानंतर लंगडत का होईना लढत राहतो. श्रेणी चढली तसा मेक नाजूक झाला. माझ्या हल्ल्याच्या तुकडीत मी अजूनही साधी इंजिनंच घेते, कारण मला ते मेक घरी परत आणायचे असतात.

जुनाखेळाडू

चांगला विषय. मी मूळचा ट्रॅव्हलर या विज्ञानकथेच्या भूमिका-खेळाचा माणूस, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. ट्रॅव्हलर १९७७ साली मार्क मिलर यांनी गेम डिझायनर्स वर्कशॉपकडून आणला. तंत्रज्ञान-पातळी ही कल्पना विज्ञानकथेच्या खेळांत इतकी रुजली त्याचे मोठे श्रेय मी त्याला देतो.

तिथे एकच आकडा असतो. ० म्हणजे दगडाची हत्यारे, ७ म्हणजे साधारण १९७० च्या दशकातली पृथ्वी, आणि १५ म्हणजे त्या खेळातल्या तिसऱ्या साम्राज्याचे शिखर. महत्त्वाचे म्हणजे हा आकडा वस्तूलाही असतो आणि ग्रहालाही. ग्रहाच्या सांकेतिक ओळीत शेवटचा अंक त्याचाच. तो ठरवायला एक फासा टाकायचा आणि त्यात भर घालायची: अवकाशतळ ए दर्जाचा असेल तर ६, बी असेल तर ४, सी असेल तर २, तळच नसेल तर ४ वजा. ग्रहाचा आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धती यांचीही भर पडते. हवा नसलेल्या ग्रहाला १ जास्त मिळतो, कारण तिथे यंत्रांशिवाय माणूस जगूच शकत नाही. त्या एका अंकामागे केवढा विचार आहे पाहा.

मग नियम सोपा होतो. वस्तूची पातळी ग्रहाच्या पातळीएवढी किंवा कमी असेल तर ती तिथे बनते, जास्त असेल तर बाहेरून आणावी लागते. ताऱ्यांमधल्या उडीची इंजिने घ्या: पातळी ९ ला जंप-१, ११ ला जंप-२, आणि तिथून एकेक पायरी चढत १५ ला जंप-६. तुमचा ग्रह पातळी १० चा असेल तर तुमच्या गोदीत जंप-२ चे जहाज बांधले जाणार नाही, कितीही पैसे ओता. शस्त्रांच्या तर नावातच आकडा घातलेला: पीजीएमपी-१२, एफजीएमपी-१५. नाव वाचले की कळते, हे कुठे बनले असेल.

१९८१ साली फ्रँक चॅडविक यांचे 'स्ट्रायकर' आले. १५ मिलिमीटरच्या पुतळ्यांनी खेळायचे युद्धनियम. त्यात रणगाडा तुम्ही स्वतः आराखड्यापासून बांधायचा, आणि प्रत्येक भागाचे वजन, आकारमान व शक्ती तुमच्या पातळीवर अवलंबून. मी त्यावर कितीतरी रात्री घालवल्या आहेत. बॅटलटेकची चार अक्षरे मला अवघड वाटतात. एक आकडा पुरेसा आहे, फक्त तो ग्रहालाही द्यायला हवा.

वायव्य

जुनाखेळाडू काका, स्ट्रायकरबद्दल लिहिलंत याचा फार आनंद झाला. पण एक आकडा पुरेसा आहे याला माझा ठाम विरोध, आणि त्याचं कारण बॅटलटेकच्या इतिहासातच आहे.

ट्रॅव्हलरची शिडी वर जाणारी आहे. एखादा ग्रह खालच्या पायरीवर अडकलेला असतो, पण वरची पायरी कुठेतरी शाबूत असते आणि तिथून जहाज भरून माल येतो. बॅटलटेकमध्ये वरची पायरीच तुटली. स्टार लीग २७८१ मध्ये मोडली, तिचा सेनापती केरेन्स्की २७८४ मध्ये सैन्य घेऊन अज्ञातात निघून गेला, आणि पाच घराण्यांनी सिंहासनासाठी जी युद्धं केली त्यांत कारखाने, गोद्या, विद्यापीठं, सगळं जळलं. जे उरलं त्यातल्या जाणत्या माणसांना कॉमस्टार या दळणवळण सांभाळणाऱ्या संघटनेनं 'होली श्राउड' मोहिमेत गुपचूप संपवलं. ३०२५ चा मेकवीर आजोबांपेक्षा मागासलेली यंत्रं चालवतो आणि त्याला ते माहीत असतं.

गॉस रायफलचंच बघा. २५९० मध्ये आली, २८६५ पर्यंत इनर स्फिअरमध्ये संपली, ३०४० मध्ये परत बनायला लागली. या सगळ्या काळात तिची श्रेणी 'ई'च राहिली, कारण तिच्यातलं विज्ञान बदललं नाही. बदलली ती उपलब्धता: डी, मग एफ, मग परत डी. एकच आकडा असता तर ही पावणेदोनशे वर्षांची पोकळी कुठे दाखवली असती? ३०२८ मध्ये ग्रे डेथ लीजन या भाडोत्री तुकडीला हेल्म ग्रहावर स्टार लीगचं जुनं ग्रंथालय सापडतं आणि सगळी घराणी त्याच्या प्रतींसाठी जीव टाकतात. हा प्रसंग थरारक वाटतो तो श्रेणी आणि उपलब्धता वेगळ्या असल्यामुळेच. लोकांना गॉस रायफल काय असते ते ठाऊक होतं. बनवणारं कुणी उरलं नव्हतं.

ती दोन मापं एकत्र केली तर बॅटलटेकचं जग राहत नाही. नुसते मोठे रोबो उरतात.

गोदाकाठ

वायव्य यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी नाशिकचा, आणि आमच्या भागात हा विषय खेळापुरता नाही.

ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. आधी सुट्या भागांची जोडणी, मग हळूहळू कच्च्या मालापासून बांधणी. तेव्हा ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान स्वतःच्या आराखड्यावर बनवण्याची आपली स्थिती नव्हती, पण उडवण्याची, सांभाळण्याची आणि परवान्यावर बांधण्याची क्षमता आपण कमावली. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना एक अक्षर पुरत नाही. पुढे त्याच विमानांचं 'बायसन' झालं: १९५० च्या दशकातला सांगाडा, नवा रशियन रडार, आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रं. सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. बॅटलटेकमध्ये जुन्या सांगाड्यावर नवी शस्त्रं चढवलेला मेक दिसला की मला बायसन आठवतं.

क्रायोजेनिक इंजिनाची गोष्ट तर याहून थेट आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियानं तंत्रज्ञान देण्याचं थांबवलं आणि फक्त तयार इंजिनं दिली. वस्तू आली, विद्या आली नाही. स्वदेशी इंजिनावर जीएसएलव्हीचं पहिलं यशस्वी उड्डाण जानेवारी २०१४ मध्ये झालं. खेळाच्या भाषेत बोलायचं तर आपल्या गोदामात 'ई' श्रेणीचं सामान होतं आणि कारखाना 'डी'चा होता. त्या एका पायरीला वीस वर्षं लागली.

म्हणून किल्लेदार, मोहिमेत सामान सापडणं आणि ते बनवता येणं यांत फरक ठेवाच. तुमच्या भाडोत्री तुकडीला क्लॅनचं लेझर हाती लागेल. ते चालेलही. ते जळाल्यावर पुढे काय, तिथून तुमची खरी मोहीम सुरू होते.

तोफखाना

माझं नाव निघालं आहे तर माझी बाजू नीट मांडतो.

श्रेणी कशासाठी बनवली होती हे मला मान्य आहे. माझा प्रश्न टेबलावरचा आहे. क्लॅन मैदानात आले की इनर स्फिअरच्या खेळाडूची संध्याकाळ वाया जाते, हे मी पाहिलं आहे. इनर स्फिअरचं ईआर मिडियम लेझर: वजन १ टन, नुकसान ५, पल्ला (जवळचा, मधला, लांबचा) ४, ८, १२ घरं. क्लॅनचं: वजन तेवढंच, उष्णता तेवढीच, नुकसान ७, पल्ला ५, १०, १५. आणि किंमत? दोन्ही ८०,००० सी-बिल (त्या जगातलं चलन). ईआर पीपीसी दोन्हीकडे ३,००,०००, पण क्लॅनची एक टनानं हलकी आणि नुकसान १५. एलआरएम-२०, म्हणजे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं डागणारं शस्त्र, इनर स्फिअरमध्ये १० टनांचं, क्लॅनकडे ५ टनांचं आणि त्याला किमान पल्ल्याची अडचण नाही. किंमत परत सारखीच.

म्हणजे पैशानं तोल साधत नाही. मग जो फरक पुस्तकात अधिकृतपणे छापलेला दिसतो तो श्रेणीचा: एकीकडे ई, दुसरीकडे एफ. तो वापरू नका म्हणता, तर काय वापरायचं? नवीन खेळाडू पहिल्याच खेळात चिरडला गेला तर तो परत येत नाही, आणि आपल्या शहरात हे खेळ खेळणारे आहेत किती? माझी तळमळ त्यासाठी आहे.

किल्लेदार

तोफखाना, शेवटच्या ओळीशी मी शंभर टक्के सहमत आहे, म्हणूनच या मुद्द्यावर इतका वेळ घालतोय.

लढाईचा तोल साधायला बॅटल व्हॅल्यू (बीव्ही), म्हणजे लढाऊ ताकदीचा आकडा, आहे. बीव्हीची सध्याची पद्धतही त्याच 'टेकमॅन्युअल'मध्ये आली, आणि तू दिलेली उदाहरणं तिच्यात लगेच वेगळी पडतात. साधं मिडियम लेझर ४६. इनर स्फिअरचं ईआर मिडियम ६२. क्लॅनचं १०८. ईआर पीपीसी इनर स्फिअरची २२९, क्लॅनची ४१२. सी-बिल जे लपवतं ते बीव्ही उघड करते. आणि गॉस रायफल दोन्हीकडे ३२०, कारण क्लॅनची ३ टनांनी हलकी असली तरी गोळा तेवढाच लागतो, तेवढ्याच अंतरावर. वाचलेल्या वजनात तुम्ही पुढे काय बसवता त्याची बीव्ही वेगळी मोजली जाते. तुझ्या बेरजेत मात्र क्लॅनच्या गॉसला फुकट एक गुण जास्त पडला असता.

आता पूर्ण मेक घे. १०० टनांचा अॅटलास एएस७-डी: १८९७. ७५ टनांचा टिंबर वुल्फ प्राइम: २७३७. पंचवीस टनांनी हलका असूनही दीडपट जवळ. त्यात क्लॅनचा चालक सहसा ३/४ कौशल्याचा (नेमबाजी ३, चालवणं ४; आकडा कमी तितका चालक चांगला), म्हणजे १.३२ नं गुणायचं: साधारण ३६१३. दोन अॅटलास मिळून ३७९४. एका टिंबर वुल्फसमोर दोन अॅटलास उभे कर आणि नव्या खेळाडूला ते दोन दे. बघ संध्याकाळ कशी जाते. अॅटलासच्या ऑटोकॅनन-२० च्या टप्प्यात टिंबर वुल्फ आला तर क्लॅनवाल्याच्या कपाळावर घाम येतो.

अणुरेणू

बीव्हीबद्दल किल्लेदार यांनी सगळं लिहिलं आहे, म्हणून मी मोहिमेच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडे हे बरेच महिने चालू आहे आणि नीट चालतं.

लढाईआधी फक्त बीव्ही. लढाई संपली की अक्षरं बाहेर काढायची. सामान शोधायचं असेल तर त्या कालखंडाचं उपलब्धतेचं अक्षर बघायचं आणि दोन फासे टाकायचे. आमचे घरचे आकडे: ए ला ३ किंवा जास्त, बी ला ४, सी ला ६, डी ला ८, ई ला १०, एफ ला ११. एक्स असेल तर फासे टाकायचेच नाहीत. दोन फाशांची गंमत अशी की ६ ला शक्यता साधारण ७२ टक्के, ८ ला ४२, १० ला १७, आणि ११ ला ८ च्या आसपास. म्हणजे सी आणि डी मधली दरी सगळ्यात मोठी जाणवते, आणि तसंच वाटायला हवं: सी पर्यंतचं सामान बाजारात मिळतं, डी पासून ओळखी लागतात.

दुरुस्ती करताना मात्र तंत्रज्ञान-श्रेणी बघायची. तुमच्या तंत्रज्ञांची स्वतःची एक श्रेणी ठरवा, सीमेवरच्या भाडोत्री तुकडीला 'डी' रास्त आहे. त्यापेक्षा वरच्या प्रत्येक पायरीला दुरुस्तीचा फासा दोननं अवघड. हा विचार मी गर्प्स या भूमिका-खेळातून उचलला. तिथे आपल्यापेक्षा एका पातळीनं वरचं यंत्र हाताळायला कौशल्यातून ५ वजा होतात, पण एका पातळीनं खालचं असेल तर फक्त १. किती खरं आहे ते! जुनी वस्तू शिकून घेता येते. पुढची वस्तू उघडून बघितली तरी आत काय चाललंय ते कळत नाही.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते, कारण यात जवळपास प्रत्येक नवा गट अडकतो. बॅटलटेकमध्ये ग्रहांनाही अक्षरं असतात: तंत्रज्ञान, उद्योग, कच्चा माल, उत्पादन, शेती. तिथे ए सगळ्यात चांगलं आणि एफ सगळ्यात वाईट. सामानाच्या बरोब्बर उलट! 'ग्रह एफ, लेझर एफ, मग इथे बनेल' असा हिशोब कुणी केला की मोहीम बिघडली. आमच्या वहीत ग्रहांची अक्षरं लाल शाईनं लिहितो.

जुनाखेळाडू यांची सूचनाही यात बसते. तंत्रज्ञानात ए किंवा बी दर्जाचा ग्रह असेल तर शोधाच्या फाशाला १ जास्त, डी किंवा खाली असेल तर १ कमी. सीमेवरचा ग्रह सोडून मोठ्या ग्रहावर जायचं खेळाडूंना आपोआप कारण मिळतं.

मेगामेकलॅब हे मेक बांधायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळी अक्षरं आणि सालं तिथे सामानाच्या यादीतच दिसतात. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. पुस्तकं आपल्याकडे मागवायला महाग पडतात, त्यामुळे हे नक्की सांगावंसं वाटलं.

जुनाखेळाडू

अणुरेणू, ग्रहाची भर घातलीत हे उत्तम झाले. वायव्य, तुमचा गॉस रायफलचा दाखला मी मान्य करतो. हरवलेले ज्ञान दाखवायला एका आकड्याची शिडी अपुरी पडते. तरीही वस्तू आणि ग्रह दोन्ही एकाच मापात, एकाच दिशेने मोजावेत हे माझे म्हणणे मी सोडणार नाही. उलट्या अक्षरांची लाल शाई त्याचीच साक्ष देते.

नवा_मेकवीर

मी खूपच नवीन आहे, अजून फक्त सुरुवातीच्या पेटीतले नियम खेळलोय. एक शंका. काही ठिकाणी इंट्रोडक्टरी, स्टँडर्ड, अॅडव्हान्स्ड, एक्सपेरिमेंटल असंही लिहिलेलं असतं. ती आणि ए ते एफ ही एकच गोष्ट आहे का?

सोनचाफा

नाही, ती पूर्ण वेगळी आहे. इंट्रोडक्टरी ते एक्सपेरिमेंटल हे नियमांचे स्तर आहेत: टेबलावर किती गुंतागुंत चालेल ते खेळाडूंनी आपसांत ठरवायचं. ए ते एफ ही त्या जगातली गोष्ट आहे. क्लॅनची ईआर पीपीसी 'एफ' असली तरी नियमांत ती स्टँडर्ड आहे, स्पर्धेतही चालते. तुम्ही इंट्रोडक्टरीवर निर्धास्त खेळा. ३०२५ चे मेक, एकेरी हीट सिंक, साधे लेझर. उष्णता सांभाळायची सवय तिथेच लागते. माझ्या मते हा खेळ सगळ्यात सुंदर तिथेच आहे.

आणि दुरुस्ती-पुरवठ्याच्या मुद्द्यावर एक भर. तुमची मोहीम ३०५२ पर्यंत आहे म्हणजे शेवटी टुकायिड ग्रहावरची मोठी लढाई येणार. क्लॅनकडे सगळं एफ, कॉमस्टारच्या सैन्याकडे, म्हणजे कॉम गार्ड्सकडे, जपून ठेवलेलं स्टार लीगचं सामान. श्रेणी बघून पैज लावली असती तर क्लॅन जिंकायला हवे होते. पण कॉम गार्ड्सचा सेनापती अनास्तासियस फोख्टनं लढाई मुद्दाम तीन आठवडे लांबवली. क्लॅनला झटपट लढायची सवय, त्यांनी दारूगोळा त्या बेतानंच आणलेला. मिसाइल संपल्यावर क्लॅनचं ५ टनांचं एलआरएम-२० हे नुसतं ५ टनांचं ओझं असतं. टुकायिड खेळाल तेव्हा दारूगोळ्याचा एकेक फेरा मोजा, दोन लढायांमध्ये पूर्ण भरून देऊ नका. खरं वजन तिथे कळेल.

वायव्य

सोनचाफा यांना दुजोरा. शिवाय किल्लेदार, तुमची मोहीम नेमकी दोन कालखंडांच्या सीमेवर आहे याकडे लक्ष द्या. गॉस रायफल ३०४९ मध्ये एफ आणि लगेच डी धरली तर अणुरेणू यांच्या फाशांवर एका रात्रीत ८ टक्क्यांवरून ४२ वर जाते. मी असतो तर मध्ये एक वर्ष ई धरलं असतं. कारखाने एका दिवसात सुरू होत नाहीत.

तोफखाना

बीव्ही मोजून रविवारी खेळलो. एक टिंबर वुल्फ विरुद्ध दोन अॅटलास. मी टिंबर वुल्फ घेतला होता, अंतर राखून एलआरएमनं मारत राहिलो, पण नकाशाची कड आली आणि दुसऱ्या अॅटलासनं गाठलं. लढत अगदी अटीतटीची झाली, समोरचा खेळाडू पुढच्या रविवारचं विचारून गेला. तोल बीव्हीनं साधायचा, माझी हरकत नाही.

आता मोहिमेचा प्रश्न. समजा आम्ही पाडलेल्या क्लॅन मेकमधून दोन ईआर मिडियम लेझर शाबूत मिळाले. ते आमच्या अॅटलासच्या हातांत बसवायचे का?

अणुरेणू

मिश्र तंत्रज्ञान स्टँडर्डच्या पुढच्या नियमांत येतं, तेवढं गटात आधी मान्य करून घ्या. मग हिशोब सोपा आहे. वजन १ टन, जागा १ स्लॉट, साध्या मिडियम लेझरएवढंच, त्यामुळे हातांत काही हलवावं लागत नाही. उष्णता मात्र ३ ऐवजी ५. अॅटलासमध्ये २० एकेरी हीट सिंक. ऑटोकॅननचे ७, दोन लेझरचे १०, धावण्याचे २, एकूण १९. बसतं! आधी हेच १५ होतं, म्हणजे त्यावर एसआरएम-६ (जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं) चे ४ चालून जायचे. आता ते डागले तर २३, तीन अंश वर. जवळच्या लढाईत एसआरएमचा मोह आवरावा लागेल.

बीव्ही नव्यानं मोजा, लेझरमागे ४६ च्या जागी १०८ धरून. ती भर समोरच्या बाजूला मिळाली पाहिजे.

गोदाकाठ

आणि काढलेले दोन साधे लेझर विकू नका, गोदामात ठेवा. तुमच्या 'डी' श्रेणीच्या तंत्रज्ञांकडून क्लॅनचं लेझर दुरुस्त व्हायची शक्यता कमी, आणि दुसरं विकत मिळण्याची त्याहून कमी. जळालं की त्याच दिवशी जुनं परत बसवता आलं पाहिजे.

किल्लेदार

ठेवतो. मोहिमेच्या वहीत सुट्या भागांचं एक वेगळं पान आजच उघडतो. तोफखाना, रविवारी येताना लाल पेन आण, ग्रहांची अक्षरं भरायची आहेत.